डायनोवर गाडी चढवताय? इंजिन बसू नये म्हणून आधी काय बघायचं

पहिल्यांदा डायनो (रोलरवर गाडी पळवून तिची पॉवर मोजायचं यंत्र) करायला निघालेला माणूस पॉवर किती निघेल हे मोठ्यानं विचारतो आणि दुसरा प्रश्न हळूच विचारतो: "इंजिन तर बसणार नाही ना?" म्हणजे जाम होऊन निकामी तर होणार नाही ना. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, याला दोन उत्तरं मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, "काय विषय नाय भावा, चढव बिनधास्त." दुसरा म्हणतो, "कशाला नाद करतोस, चांगली चाललेली गाडी हाय." दोघंही अर्धंच सांगतात.

इंजिन बनवणाऱ्या कंपन्या टेस्ट सेलमध्ये पूर्ण लोडवर शेकडो तास इंजिन पळवतात आणि ती इंजिनं टिकतात. तेव्हा पूर्ण थ्रॉटलनं इंजिन मरत नाही, एवढं पक्कं. पण त्या सेलमध्ये पाण्याचं आणि ऑईलचं तापमान यंत्रणा सांभाळते, आणि एखादा आकडा हद्द ओलांडू लागला की यंत्रणाच इंजिन बंद करते. पैसे देऊन आपण ज्या डायनोवर गाडी चढवतो तिथं हे काम एका माणसाच्या हातावर आणि कानावर असतं. म्हणून थांबायचं कधी आणि थांबवणार कोण, हे किल्ली फिरवण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. खालचं सगळं त्यासाठी आहे.

डायनो कुठला, ते फोनवरच विचारा

पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये रोप ब्रेक बघितलेला असतो: एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याच्या ड्रमभोवती दोर, वर स्प्रिंग बॅलन्स आणि ड्रम तापू नये म्हणून कडेत सोडलेलं पाणी. इंजिनाला अडवायचं, किती जोर लागला ते मोजायचं आणि त्याला फेऱ्यांनी गुणायचं. आजचा डायनोही हेच करतो. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमनं गुणा, ९५४९ नं भागा, किलोवॅट मिळतात. हे सूत्र मोबाईलमध्ये लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

गाडीच्या चाकावर मोजणारे डायनो ढोबळमानानं दोन जातीचे. इनर्शिया डायनोत जड रोलर असतो. तुमची गाडी तो रोलर किती लवकर पळवते यावरून पॉवर काढतात. एक रन बहुतेक दहा-पंधरा सेकंदांत उरकतो. लोड डायनोत रोलरला एडी करंट ब्रेक, म्हणजे चुंबकाच्या जोरावर अडवणारा ब्रेक, असतो. ऑपरेटर गाडी ४००० आरपीएमवर पूर्ण थ्रॉटलला तशीच धरून ठेवू शकतो, हवा तेवढा वेळ. ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे पेट्रोल किती आणि ठिणगी कधी याचा तक्ता, बारकाईनं बसवायला हीच जात उपयोगी, आणि इंजिन तापवायलाही हीच. नुसती पॉवर बघायची असेल तर इनर्शिया पुरतो. ट्यूनिंग करायचं असेल तर लोड लागतो, पण मग धोक्याचा हिशेब वेगळा होतो.

उष्णतेचं गणित एकदा मांडून बघू. पेट्रोलमधल्या ऊर्जेतला साधारण चौथा ते तिसरा हिस्सा चाक फिरवतो. उरलेली ऊर्जा सायलेन्सरमधून आणि कूलिंगमधून बाहेर जाते. ४३ पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) बाईक पूर्ण थ्रॉटलवर सुमारे ३२ किलोवॅट काढत असेल, तर जवळपास तेवढीच उष्णता तिच्या रेडिएटरला आणि फिनना बाहेर टाकावी लागते. घरातले दोन किलोवॅटचे सोळा गीझर एकदम चालू केल्यासारखं आहे हे. रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाला सेकंदाला सोळा-सतरा मीटरचा वारा ती उष्णता घेऊन जातो. डायनोवर गाडी जागची हलत नाही. वारा जेवढा पंखा देईल तेवढाच.

निघण्याआधी दोन दिवस

डायनोवर बसलेल्या बऱ्याच इंजिनांचं दुखणं घरूनच आलेलं असतं, फक्त दिसत नव्हतं. स्टेशन रोडच्या ट्रॅफिकमध्ये चौथ्या गिअरला लोळत जाणाऱ्या गाडीचं हेड गॅस्केट कुरकुर न करता वर्षभर चालतं. पूर्ण लोडचे दोन रन घेतले की ते बोलायला लागतं. म्हणून आधी तब्येत बघा.

ऑईल नवं आणि कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं असावं, लेव्हल बरोबर असावी. जास्त ऑईल भरून "सेफ" होत नाही. वाढलेली लेव्हल क्रँकला लागून फेसाळते. कूलंटची फक्त बाटली बघू नका, इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघा. एअर फिल्टर स्वच्छ, प्लग योग्य हीट रेंजचे. बॅटरी आणि चार्जिंग ठीक असावं, कारण व्होल्टेज पडलं की फ्युएल पंप मार खातो आणि नेमकं वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं.

कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम करणारे जाणकार आहेत, त्यांच्यातल्या कुणाकडंही गेज निघेल. सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक आला तर डायनोचे पैसे आधी हेडवर किंवा रिंगवर घाला. नुकतंच रिंग-पिस्टन टाकलं असेल, नवं बोअर असेल, तर रनिंग-इन पूर्ण होऊन पहिलं ऑईल बदललेलं असू द्या. "डायनोवरच बसवू की रिंग" म्हणणारे भेटतील. तसं करणारे कसलेले लोक जगात आहेतही, पण पहिल्यांदा डायनोवर जाणाऱ्यानं तो प्रयोग स्वतःच्या गाडीवर करू नये.

टायरकडं मुद्दाम वळतो, कारण टायर फुटला तर इंजिनाबरोबर माणसंही सापडतात. कडेवरचा चार आकडी कोड वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षं जुना, भेगा पडलेला, पंक्चरची दोरी कोंबलेला टायर रोलरवर नको. मोठ्या गट्ट्यांच्या ऑफ-रोड टायरवर जोराचे रन घेऊ नका. गट्टे तापून उखडतात. नक्षीत अडकलेले खडे काढा, रोलर ते गोळीसारखे मागं फेकतो. चेनचा ताण आणि लॉक बघा. घसरणारा क्लच असेल तर आरपीएम चढतात आणि रोलर तिथंच राहतो. त्या रनचा काही उपयोग नाही, वर क्लच जळतो तो वेगळाच.

पेट्रोल रोज भरता तेच असू द्या, टाकी किमान अर्धी. जास्त ऑक्टेनचं भरून डायनोवर ट्यून करायचं आणि परत येऊन रोज कमी ऑक्टेनचं भरायचं, हा नॉकिंगला (इंजिनात मिश्रण अवेळी स्वतःच फुटण्याला) दिलेला आवतणाचा नारळ.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या, म्हणजे आरएक्स, येझदी, जुनी बुलेट, या कोल्हापूरकरांनी अजून जिवापाड सांभाळल्यात. त्यांच्यासाठी पेट्रोलचाच आणखी एक मुद्दा आहे. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण वजनानं १४.७ ला एक लागतं. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ते साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हा फरक बराचसा भरून काढतो, कार्ब्युरेटरची जेट (पेट्रोल सोडणारं ठरलेल्या मापाचं भोक) काढत नाही. जुनी मेन जेट तशीच ठेवली तर मिश्रण आठेक टक्के पातळ पडतं. गावात ते जाणवत नाही, पूर्ण लोडवर पिस्टनच्या डोक्याला जाणवतं. जेटिंग आधी बघून घ्या.

प्रवास

कोल्हापूरचे बरेच जण डायनोसाठी पुण्याची वाट धरतात. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर हायवे, मध्ये खंबाटकी. पोचल्या पोचल्या गाडी रोलरवर चढवू नका. अर्धा-पाऊण तास उभी करा, सपाट जागेवर ऑईल परत बघा, चेन आणि टायरची हवा परत तपासा. शक्यतो सकाळची वेळ मागा. एप्रिल-मेच्या दुपारी शेडमधली हवा आधीच तापलेली असते, आणि तापलेली हवा आत ओढणारं इंजिन नॉकिंगच्या जवळ असतं.

जागेवर पोचल्यावर

आधी भोवती नजर फिरवा. पंखा कसला आहे? लग्नात लावतात तसला उभा पंखा चालणार नाही. रेडिएटरच्या किंवा सिलिंडरच्या तोंडावर थेट झोत मारणारा मोठा ब्लोअर हवा. गाडीचा स्वतःचा रेडिएटर फॅन सिग्नलवर उभं राहण्यापुरता असतो. सायलेन्सरचा धूर बाहेर ओढणारी नळी आहे का? कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि बंद खोलीत तोच धूर पुन्हा इंजिनातही जातो. आग विझवायचं सिलिंडर हाताशी आहे का? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर रनमध्ये लालबुंद होऊ शकतो, खाली ऑईलचं फडकं पडलेलं नसावं.

मग बोला. किती रन घेणार, किती आरपीएमपर्यंत, मधे किती थांबणार, वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) लावणार का, नॉक कसा ओळखणार. ज्याला काम येतं तो या प्रश्नांवर खूश होतो. "दादा, रोज पंचवीस गाड्या करतो, तुम्ही चहा घ्या" असं उत्तर आलं तर चहा घ्या आणि गाडी परत न्या.

संमतीचा कागद समोर येईल, त्यावर "ओनर्स रिस्क" लिहिलेलं असतंच. सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या: ठरलेल्या आरपीएमच्या वर इंजिन नेलं तर जबाबदारी चालवणाऱ्याची. बरेच जण मान्य करतात. विम्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो, आणि वापराच्या अटींत वेगाची चाचणी स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. वॉरंटीतली गाडी असेल तर रिमॅपचा, म्हणजे ईसीयूचा मॅप बदलण्याचा, विचार दोनदा करा. कंपनीच्या मूळ नोंदीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, तेही ट्यूनिंगची यादी करताना लक्षात असू द्या.

नव्या गाडीचे एरर कोड रनच्या आधी स्कॅन करून फोटो काढून ठेवा. बाईकचं पुढचं चाक स्थिर आणि मागचं पळतंय हे बघून एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल गोंधळतात, दिवे लागतात, कधी ईसीयू पॉवर कापतो. ट्रॅक्शन कंट्रोल मेन्यूतून बंद करता येत असेल तर करा. कायम चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाकांच्या रोलरवर कधीच चढवू नका, मधलं कपलिंग किंवा ट्रान्सफर केस जळतं. थारसारखी लिव्हरनं टू-व्हील ड्राइव्हला येणारी गाडी चालते.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळं चांगली इंजिनं ओव्हर-रेव्ह झालीत, म्हणजे हद्दीबाहेर फिरलीत. डायनो आरपीएम बहुधा प्लगच्या वायरवरून उचलतो. पण बऱ्याच बाईकमध्ये प्लग दर फेरीला पेटतो, काहींत दोन फेऱ्यांतून एकदा. सेटिंग चुकलं तर स्क्रीन निम्मा किंवा दुप्पट आकडा दाखवते. ऑपरेटरला स्क्रीनवर ५००० दिसतात आणि इंजिन दहा हजारांवर किंचाळतंय. रनच्या आधी गाडी ३००० वर धरा, मीटर आणि स्क्रीन जुळतात का ते दोघांनी मिळून बघा. एक मिनिट लागतं.

थांबायचे आकडे

कागदावर लिहा आणि ऑपरेटरसमोर ठेवा. हातात थ्रॉटल त्याच्या असला तरी "थांब" म्हणायचा हक्क तुमचा, आणि तो शब्द ऐकला की प्रश्न न विचारता थ्रॉटल सोडायचा, हे आधी कबूल करून घ्या. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, हाताची खूण ठरवा.

कमाल आरपीएम: कंपनीची रेडलाईन. रेव्ह लिमिटर काढून रन घ्यायचा नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंग मागं पडली की व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो, पुढचं सांगायला नको.

पाणी: रोजच्या चालण्यात जो आकडा असतो त्याच्या दहा-पंधरा अंश वर गेलं की थांबा. ऑईल: १२० अंशांच्या पुढं सरकू लागलं की थांबा. पण खालची हद्दही तेवढीच महत्त्वाची. पाणी ८० अंशांवर आलं म्हणजे ऑईल तापलं असं नाही, ते मागून येतं. ऑईल ७०-८० वर येईपर्यंत पहिला रन नको. थंड, घट्ट ऑईलवर रेडलाईन मारणं हे बेअरिंगशी वैर आहे. बुलेटसारख्या हवेवर थंड होणाऱ्या गाडीला गेजच नसतं. प्लगखाली थर्मोकपलची (तापमान मोजणारी) वॉशर लावता आली तर उत्तम, नाहीतर इन्फ्रारेड गननं हेडवर दर वेळी तीच एक जागा मोजा.

मिश्रण: लॅम्डा म्हणजे मिळालेली हवा भागिले त्या इंधनाला नेमकी लागणारी हवा; एकच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण थ्रॉटलवर साध्या पेट्रोल इंजिनाचा लॅम्डा ०.८५ ते ०.९० च्या दरम्यान असावा, टर्बोचा आणखी थोडा खाली. लॅम्डातच बोला. कारण गेजवरचा हवा-पेट्रोल प्रमाणाचा १२.८ सारखा आकडा शुद्ध पेट्रोल धरून काढलेला असतो, आणि तुमच्या टाकीत शुद्ध पेट्रोल नाही. लोडवर लॅम्डा ०.९५ च्या वर चढताना दिसला की थांबायचं, रन पुरा करायच्या मोहात पडायचं नाही.

नॉकिंग: डब्यात खडे वाजल्यासारखा कडकड आवाज. प्लगनं पेटवल्यानंतर जळायचं उरलेलं मिश्रण तापून-दबून स्वतःच फुटतं, त्याचा हा आवाज. दोन-चार ठोके पिस्टन सोसतो, सलग पाच सेकंद नाही. रिंगच्या मधल्या पट्ट्या तुटतात, डोक्याला भोक पडतं. आवाज आला की त्याच क्षणी थ्रॉटल बंद. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरच्या गाडीत हा आवाज नुसत्या कानाला सापडत नाही, म्हणून इंजिनाला माइक लावून हेडफोननं ऐकणारा ट्यूनर भेटला तर समजा योग्य जागी आलात.

धूर: "जाळ अन् धूर संगटच" हे गाडीमागच्या स्टिकरवर शोभतं. रोलरवर निळा किंवा पांढरा धूर दिसला की संपला कार्यक्रम.

थांबायचं कसं, हेही ठरवा. थ्रॉटल बंद, क्लच दाबून धरा, रोलरला त्याच्या ब्रेकनं थांबू द्या. टर्बोची गाडी लगेच बंद न करता एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. अपवाद एकच: ऑईल प्रेशरचा दिवा लागला तर आयडल वगैरे काही नाही, इंजिन तिथंच बंद.

रन

पहिला रन पूर्ण जोरात नको. अर्ध्या थ्रॉटलनं मधल्या आरपीएमपर्यंत जा. गाडी बांधलेले पट्टे ढिले होतायत का, टायर सरळ पळतोय का, कुठून थेंब पडतोय का ते बघा. पट्टे इतके आवळू नका की सस्पेन्शन पार दबून टायर रोलरवर चेपला जाईल. तसा टायर भट्टीसारखा तापतो.

मग खरा रन, ज्या गिअरचं गुणोत्तर एकास एकच्या जवळ असेल त्यात. लहान टर्बो पेट्रोल कार असेल तर अगदी खालून, १२००-१५०० आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल दाबू नका. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोड एकत्र आले की प्लगच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि तो एकच ठोका कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरतो. २००० ते २५०० वरून सुरुवात करा.

दोन रनच्या मध्ये घड्याळ बघू नका, तापमान बघा. पहिला रन ज्या पाण्याच्या आणि ऑईलच्या आकड्यावर सुरू झाला, तिथं परत आल्याशिवाय दुसरा नाही. असे तीन रन पुरतात. तिन्ही आलेख एकमेकांवर बसले तर मोजमाप खरं. दुसरा पहिल्यापेक्षा खाली आणि तिसरा त्याच्याही खाली आला तर इंजिन तापतंय, चौथा घेऊन ते सुधारणार नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी

पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणाऱ्या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबरच. रनच्या शेवटी थ्रॉटल बंद केला की पेट्रोल थांबलं, म्हणजे ऑईलही थांबलं. पण जड रोलर अजून जोरात फिरतोय आणि गिअरमध्ये असलेल्या इंजिनाला तसाच फिरवतोय, आठ हजार आरपीएमला, कोरडं. पिस्टन जाम व्हायला याहून सोपा रस्ता नाही. थ्रॉटल सोडणं आणि क्लच दाबणं एकाच झटक्यात झालं पाहिजे. फोर-स्ट्रोकवर हात बसलेला तरुण ऑपरेटर असेल तर त्याला हे आधी सांगा, दोनदा सांगा.

ट्यूनिंग करायचं असेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मिश्रण, ते बसल्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. टायमिंग एकेक अंश पुढं नेत जातात आणि टॉर्क वाढतो का बघतात. जिथं अंश वाढला तरी टॉर्क वाढत नाही, तिथून मागं यायचं. त्या टोकावर ठेवलेली गाडी पंख्याच्या झोतात छान चालेल, पण मे महिन्यात डबलसीट गगनबावड्याचा घाट चढताना तिच्याकडं राखीव काही उरणार नाही. डायनोवरचा शेवटचा अर्धा हॉर्सपॉवर सोडून द्यायला तयार नसलेला ट्यूनर मला पटत नाही.

लोड धरून ट्यून करताना प्रत्येक बिंदूवर तीन-चार सेकंद, मग हलका थ्रॉटल आणि थोडा श्वास. सलग अर्धा मिनिट पूर्ण लोडवर धरलेलं बघितलंत तर ती खूण करायची वेळ आहे.

डिझेल रिमॅपमध्ये इंजिनाच्या आधी क्लच आणि गिअरबॉक्स बोंबलतात, कारण टॉर्क अचानक वाढतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी, आणि टर्बोच्या तोंडाशी तापमान चढतंय. टर्बोचं सील झिजलेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून पळत सुटू शकतं. तेव्हा किल्ली बंद करून ते थांबत नाही. वरच्या गिअरला टाकून ब्रेक दाबून क्लच सोडायचा, किंवा इनटेकचं तोंड फळीनं बंद करायचं. हातानं कधीही नाही.

आकड्याचा मोह

इंजिन निकामी व्हायचं मोठं कारण म्हणजे "ब्रोशरमध्ये लिहिलेत तेवढे निघालेच पाहिजेत" हा हट्ट. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चे २०.२ हॉर्सपॉवर हे क्रँकवरचे, ६१०० आरपीएमला. चाकापर्यंत येताना दहा-पंधरा टक्के गिअर आणि चेन खाणारच. रोलरवर सतरा-अठरा दिसले तर गाडी ठणठणीत आहे. ते न कळल्यामुळं लोक "काहीतरी कमी पडतंय" म्हणून टायमिंग वाढवायला सांगतात.

दुसरा घोळ हवेचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, पुणंही जवळपास तेवढंच. हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. एसएई जे१३४९ हे मानक २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरडी हवा धरून आकडा सुधारतं. ३५ अंशांच्या थोड्या दमट दुपारी तो गुणक १.१० च्या घरात जातो. म्हणजे रोलरवर खरोखर १६ निघाले आणि कागदावर १७.६ छापले गेले, तरी कुणी फसवलेलं नसतं. मात्र आधीचा रन सुधारलेला आणि नंतरचा कच्चा, किंवा उलट, असं करून "रिमॅपनं दहा टक्के वाढले" दाखवणारे असतात. दोन्ही कागदांवर गुणक बघा. टर्बो गाडीला हाच गुणक लावला तर आकडा फुगतो, कारण टर्बो पातळ हवेची भरपाई बरीचशी स्वतःच करतो.

वर लिहून ठेवलेलं सूत्र आता काढा. क्लासिकचा कमाल टॉर्क २७ न्यूटन-मीटर, ४००० ला. २७ गुणिले ४०००, भागिले ९५४९: ११.३ किलोवॅट, म्हणजे १५.४ पीएस. तुमच्या कागदावरचा कुठलाही बिंदू घेऊन असाच पडताळा. सूत्र जुळलं तरी टॉर्क ब्रोशरच्या दुप्पट किंवा निम्मा दिसला तर आरपीएमचं सेटिंग चुकलेलं होतं, आणि मग रेडलाईन खरंच पाळली गेली का हाही प्रश्न येतो.

उतरल्यावर

गाडी थंड होऊ द्या. प्लग काढून बघा: पोर्सेलिनवर बारीक चकचकीत ठिपके असतील तर ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात. नॉकिंग झालंय, तो मॅप घेऊन हायवेला लागू नका. ऑईलची लेव्हल, कूलंटची बाटली, हेड गॅस्केटची कड, चेन, क्लचचा फ्री प्ले बघा. एरर कोड पुन्हा स्कॅन करून सकाळच्या फोटोशी जुळवा. छापील आलेखाबरोबर कच्च्या डेटाची फाईल आणि ट्यून केलं असेल तर मूळ मॅपची कॉपी पेन ड्राइव्हवर मागून घ्या, आणि तिथंच दोन्ही फाईल उघडतात का ते बघा.

परतीचे पहिले पन्नास किलोमीटर मध्यम वेगानं. एखाद्या धाब्यावर थांबून गाडीखाली बघा, मग पुढं. ट्यूनिंगमध्ये लोड धरून बरेच रन झाले असतील तर घरी आल्यावर ऑईल बदला. जुनं ऑईल पांढऱ्या ट्रेमध्ये काढून त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला काळा बारीक लेप येणं नेहमीचं. चकाकणारे कण किंवा तुकडे लागले, तर गाडी सुरू न करता उद्यमनगरला ढकलत न्या.